स्पार्टाला थांबू नका, वर मिस्त्रासला चला

ग्रीसला गेलेला आपला माणूस काय करतो, अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस बघतो, सँटोरिनीला निळ्या घुमटापाशी फोटो काढतो आणि विमानात बसतो. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीस झालं, इन्स्टावरचं ग्रीस झालं, मधली हजारेक वर्षं कुठे गेली हे कुणी विचारतच नाही. ती बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची वर्षं. आणि ती जमिनीवर उभी असलेली बघायची तर खाली दक्षिणेला पेलोपोनीस द्वीपकल्पात स्पार्टाला यायचं. खुद्द स्पार्टात, खरं सांगायचं तर, जुनं फार काही उरलेलं नाही, आजचं गाव १८३४ साली नव्याने वसवलंय. तिथून बस पकडायची, पाच-सहा किलोमीटर, आणि हे बघा, मिस्त्रास.

मागे तो ताइगेतोस, २४०० मीटरचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याला ही सुटी टेकडी. टोकावर बालेकिल्ला, मध्ये राजवाडा, खाली उतारभर घरं, चर्चेस, मठ, आणि सगळ्याला तटबंदी. गडकिल्ले पालथे घातलेल्यांना इथे नकाशा लागायचाच नाही.

गंमत म्हणजे किल्ला मुळात ग्रीकांचा नाहीच. १२४९ मध्ये विलहार्दुअँ नावाच्या फ्रेंच सरदाराने बांधला. दहा वर्षांनी पेलागोनियाच्या लढाईत साहेब हरले आणि गवताच्या गंजीत लपून बसले, आणि पुढे आलेल्या दातांवरून ओळखले गेले असं त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय! सुटकेच्या बदल्यात जे किल्ले बायझंटाईन सम्राटाला द्यावे लागले त्यातला हा एक. मग खालच्या उघड्या मैदानातले लोक इथे आसऱ्याला यायला लागले, शहर वाढत गेलं आणि चौदाव्या शतकाच्या मध्यावर सगळ्या मोरियाची, म्हणजे पेलोपोनीसमधल्या बायझंटाईन मुलखाची राजधानी झालं.

एक टीप देतो, गेट दोन आहेत, वरच्या गेटने शिरा आणि उतरत या, उन्हाळ्यात खालून चढलात तर बालेकिल्ल्यापर्यंत जीव जातो, सावली जवळपास नाहीच.

हे खालचं आगिओस दिमित्रिओस, इथलं मुख्य चर्च. फरशीत बसवलेला हा दगड बघा, दोन डोक्यांचा गरुड. शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाईन पालायोलोगोस या जागी उभा होता असं मानतात. ६ जानेवारी १४४९ ला त्याला सम्राट म्हणून जाहीर केलं ते इथे, राजधानीत नव्हे. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल, तेव्हा तुर्कांनी जवळजवळ वेढलेलीच होती, हा तिकडे गेला आणि २९ मे १४५३ ला शहर पडलं त्या दिवशी लढताना गेला. मिस्त्रास त्यानंतरही सात वर्षं टिकलं, १४६० मध्ये तेही तुर्कांकडे गेलं.

मला विचाराल तर राजांपेक्षा इथला भारी माणूस म्हणजे तत्त्वज्ञ प्लेथॉन. ख्रिस्ती दरबारात बसून हा प्लेटो शिकवायचा, पुढे तर झ्यूसबिऊसच्या जुन्या देवांची गोष्ट करायला लागला, आणि म्हातारपणी चर्चच्या परिषदेसाठी फ्लॉरेन्सला गेला तर तिथल्या विद्वानांना प्लेटोचं वेड लावून आला. तो गेल्यावर काही वर्षांनी मालातेस्ता नावाचा इटालियन सेनापती मिस्त्रासवर चालून आला, बालेकिल्ला काही त्याला मिळाला नाही, पण प्लेथॉनच्या अस्थी मात्र उचलून रिमिनीला घेऊन गेला. काय बोलणार!

आता पांतानासा. १४२८ च्या सुमाराचा मठ, आणि सगळं शहर ओस पडलं तरी इथे नन्स राहतात, आजही. दारात गुंडाळायला कापड ठेवलेलं असतं, शॉर्ट्सवाल्यांनी मुकाट्याने गुंडाळायचं. आत येशूने जिवंत केलेल्या लाझारसचं चित्र शोधा, मेलेला माणूस उठतोय आणि शेजारचा वासाने नाक झाकतोय, साडेपाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा हा चित्रकार मला फार आवडतो. बाहेर ओसरीवर मांजरं, कुंड्या, विकायला ठेवलेलं भरतकाम. एका वयस्कर सिस्टरांनी आमचे लाल झालेले चेहरे बघितले, काही न विचारता आत गेल्या आणि गार पाणी न् लुकुमी, म्हणजे पिठीसाखरेतल्या मऊ वड्या, घेऊन आल्या. पैसे काढायला गेलो तर नुसत्या हसल्या.

खाली आजच्या मिस्त्रास गावात तर विचारूच नका. खोलीवाल्या काकूंनी बॅगा ठेवायच्या आधी बशीत गोड आणून ठेवलं, कडू संत्र्याच्या सालीचं, आपल्या मोरांब्यासारखं पाकातलं, चमच्याने खायचं, वर पाणी प्यायचं आणि चमचा त्याच ग्लासात सोडायचा. नको म्हणायची सोय नाही. त्यांचं इंग्लिश जेमतेम, आमचं ग्रीक "एफहारिस्तो"वर, म्हणजे धन्यवादावर, संपलेलं, तरी भावाचं ऑलिव्हचं शेत, मुलगा अथेन्सला, सून कशी, सगळं कळलं.

संध्याकाळी कॉफीच्या दुकानात म्हातारे पत्ते खेळत होते. इंडियाहून आलोय कळल्यावर एक आजोबा एकदम म्हणाले, "नर्गिस!" १९५०-६० च्या दशकात आपले हिंदी पिक्चर ग्रीसमध्ये जोरात चालायचे, लोक थिएटरात ढसाढसा रडायचे, कित्येक ग्रीक गाणी चक्क हिंदी चालींवर बांधली गेली. आजोबांनी एक चाल गुणगुणून पण दाखवली, शब्द ग्रीक, चाल आपली, आणि आमच्या कॉफीचे पैसे कुणी दिले ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

जेवायला टॅव्हर्नात गेलात तर एक लक्षात ठेवा, बिल मागितलं की बिल येत नाही, आधी फळं येतात, नाहीतर दिप्लेस, म्हणजे मधात बुडवलेल्या तळलेल्या पातळ घड्या, सोबत छोट्या ग्लासातून काहीतरी कडक, ऑर्डर न केलेलं आणि बिलात न लावलेलं. मग मालक स्वतः येऊन बसतो, "यामास", म्हणजे चिअर्स, म्हणतो, तुमचं लग्न झालंय का विचारतो. स्पार्टाची शेवटची बस पकडायची घाई असेल तर टॅव्हर्नाच्या नादी लागूच नका, नाक्यावर गिरोस, म्हणजे रोटीत गुंडाळलेलं भाजलेलं मांस, घ्या आणि सुटा.