भिंतीपलीकडची नोंद

(तालुक्यातील सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी. कारभार गतिमान कसा करावा, हा आजचा विषय. त्यातलं मी एकच काम घेणार आहे, वारस नोंदीचं. महसूल खात्यात मी 31 वर्षं काढली आणि लोकांना सगळ्यांत जास्त खेटे याच कामासाठी घालताना पाहिलं. पदनामं आता बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी. मी मात्र तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणेन, गावात अजून तेच चालतं.

एक शेतकरी वारतो. 21 दिवसांच्या आत मुलगा ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूची नोंद करतो. ग्रामसेवक हेच तिथले जन्म-मृत्यू निबंधक, ते दाखला देतात. म्हणजे शासनाला कळलं की हा माणूस गेला. आता त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे तलाठ्याचं दप्तर असतं. त्या दप्तरात 8-अ वर, म्हणजे कुणाच्या नावावर किती जमीन आहे त्या उताऱ्यावर, हाच माणूस खातेदार म्हणून हयात आहे. एक वर्ष, पाच वर्षं, कधी वीस वर्षं.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. सासरे वारून 19 वर्षं झालेली, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर. त्यांना पीककर्ज हवं होतं. बँक म्हणे, सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही. सासऱ्यांच्या मृत्यूची नोंदच झालेली नव्हती, आणि वर्ष उलटून गेलेली नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ग्रामपंचायत, तहसील, तलाठी, मंडळ अधिकारी असं करता करता पेरणीचा हंगाम निघून गेला. मी ती फाइल पानापानानं पाहिली. कुणाच्याही टेबलावर कागद ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त पडून नव्हता. सगळे दिवस गेले होते ते दोन टेबलांच्या मधल्या वाटेवर, आणि त्या वाटेवर चालत होत्या त्या एकट्या बाई.

टेबल सुधारण्याचं काम आपल्या राज्यात फार चांगलं झालेलं आहे. 1980च्या दशकात अनिलकुमार लखीना अहमदनगरला जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची मांडणी बदलली, कुणाचं काम काय हे लिहून लावलं, दप्तर लावून घेतलं. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं म्हणजे ठरावीक काळानं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारं आणि नाश करायचं, या सहा गठ्ठ्यांवर माझी पिढी घडली. पुढे दप्तर दिरंगाईचा कायदा आला, साधारणपणे सात कामाच्या दिवसांच्या वर फाइल कुणाकडे राहू नये असं त्यानं सांगितलं. 28 एप्रिल 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात मुदत आहे, दोन अपिलं आहेत, त्यावर आयोग आहे, 500 ते 5000 रुपये शास्ती आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण घड्याळ एकेका टेबलाला बांधलं की टेबलाचा माणूस आपल्यापुरतं पाहू लागतो. मुदत संपत आली की त्रुटी काढून अर्ज परत, आणि नोंदवहीत ‘निकाली’. हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता जमीन महसूल संहिता काय म्हणते ते बघा. कलम 149 प्रमाणे ज्याला हक्क मिळाला त्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. वारसाच्या बाबतीत हे ओझं दुःखातल्या घरावर पडतं. उलट जमीन विकली, खरेदीखत झालं, तर कलम 154 प्रमाणे नोंदणी कार्यालयातून तलाठ्याला सूचना जाते. आता तर ती संगणकावरून जाते. म्हणजे एका कार्यालयानं दुसऱ्याला कळवायची वाट आपल्याला माहीत आहे, ती रोज वापरात आहे. खरेदीदारासाठी ती आहे, विधवेसाठी का नसावी? 2023 साली जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ही माहिती मालमत्ता नोंदणीसारख्या कामांना इतर यंत्रणांना देण्याची तरतूदही झाली.

बरं, घराचंही तेच. घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, जमिनीसाठी तलाठ्याचा 8-अ. माणसं एकाऐवजी दुसरा उतारा घेऊन येतात, परत जातात. मेलेला माणूस एक, वारस तेच, आणि पुरावा दोनदा.

2025च्या मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि 1 एप्रिलपासून ती राज्यभर नेली गेली. चावडीवाचन करून, म्हणजे गावासमोर नोंदी वाचून, मयत खातेदारांच्या याद्या केल्या गेल्या. चांगलं काम झालं. पण मोहिमेनं साचलेलं उपसलं जातं. मोहीम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी वारतोच, आणि पुन्हा साचायला लागतं.

माझं मागणं छोटं आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसेवकानं मागच्या महिन्यातल्या मृत्यूंची यादी तलाठ्याला द्यावी, पोच घेऊन. तलाठ्यानं ती 8-अ शी ताडून पाहावी. खातेदार असेल तर आपणहून घरी निरोप धाडावा, 6-क च्या वारस नोंदवहीत प्रकरण घ्यावं आणि पुढचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, रीतसर चालवावा. नोटीस, हरकतीचे 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन, यातलं काहीही गाळायचं नाही. भाऊ-बहिणींच्या हक्काचा प्रश्न असतो, बहिणीचं नाव घाईत राहून गेलं तर ती पुढे आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढते. सरपंचांनी तीच यादी ग्रामसभेत वाचून घ्यावी. राहून गेलेलं नाव गावच सांगेल.

ग्रामसेवकांना गेल्या बारा महिन्यांच्या याद्या बरोबर आणायला सांगितल्या होत्या. तलाठ्यांच्या लॅपटॉपवर 8-अ आहेच. माझं बोलणं इथे थांबवतो. गावागावाचे दोघे शेजारी बसा, म्हणजे जेवणाच्या आधी निदान पहिली यादी ताडून होईल.