लोणंदला एक दिवस जास्त

(दृश्य : भिंतीवरचं वेळापत्रक, जवळून)

हे आईचं वारीचं वेळापत्रक. माउलींच्या पालखीचं, २०१९ सालचं. विसावा, दुपारचं जेवण, मुक्काम, सगळं छापील. तारखा मात्र पेनाने खोडून २०२० च्या लिहिल्यात. प्रस्थान १३ जून, एकादशी १ जुलै. मांडणी करताना एक दिवस जास्त निघाला, तो आईने लोणंदला दिला. "लोणंदला मुक्काम वाढतो," म्हणाली. विषय संपला.

त्या वर्षी पायी वारी निघालीच नाही. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि ज्येष्ठ उजाडला तरी पुढचं काही कळेना. आमच्या परभणीकडच्या गावात पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं शाळेत ठेवलेली, पेरणीला माणूस मिळेना. आळंदीला मोजक्या माणसांत प्रस्थान झालं आणि पादुका आळंदीतच, पहिल्या मुक्कामाच्या आजोळघरी राहिल्या.

आई मात्र वेळापत्रकाप्रमाणे चालली.

(दृश्य : ओसरी, फोन)

संध्याकाळी हरिपाठ झाला की दिंडीतल्या बायकांचा व्हिडिओ कॉल. मला वाटलं, रडारड होणार. कसली! भिशी, म्हणजे दिंडीत जेवणाखाण्यासाठी भरायची वर्गणी, कोणत्या साली किती होती, ट्रकमध्ये कुणाची वळकटी कायम तळाशी जायची, दिवेघाट चढायच्या आधी टँकर कुठे गाठायचा... विठ्ठलापेक्षा पिठल्याचंच नाव जास्त. टीव्हीवर घाटाची जुनी ड्रोनदृश्यं लागली तर आई म्हणाली, "हा घाट कुणी बघितलाय? आम्हाला दिसते ती पुढच्या बाईची टाच."

जेजुरीच्या दिवशी तिने वारीची पिशवी उलटी केली. तळाच्या शिवणीत जुना भंडारा अडकला होता. नखाने उकरून कपाळाला लावला, उरलेला माझ्या. नीरास्नान विहिरीच्या पाण्यावर भागलं.

तरडगावच्या दिवशी फोनवर भांडण झालं. पावसात राहुट्या आडव्या झाल्या, ते साल कोणतं? आई म्हणे दुष्काळ सरला ते. हिंगोलीच्या मावशी म्हणत, त्याच्या आधीचं.

वारीत तक्रारीची रीत ठरलेली आहे. मुक्कामावर समाजआरतीला सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात, टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं काही म्हणणं असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार येऊन ऐकून घेतात. फोनवर चोपदार कुठला? तरी मावशींनी टाळ काढले आणि वाजवत सुटल्या. आईने फोन ठेवला नाही, नुसता पालथा घातला.

(दृश्य : फुलांनी सजवलेली एस. टी.)

३० जूनला पादुका एस. टी.ने पंढरपूरला निघाल्या. सोबत मोजकी माणसं, पंढरपुरात संचारबंदी. आई पदराने डोळे पुसत बघत होती, पण विचारलं एवढंच, "वाखरीला थांबली का गाडी?" सगळ्या संतांच्या पालख्या वाखरीला एकत्र येतात. ती भेट टाळून पुढे जाणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

२०२१ लाही एस. टी.च. २०२२ ला पायी वारी निघाली तेव्हा भिशी वाढली होती. रोज फोनवर असणाऱ्या काही जणी आता नव्हत्या. त्यांच्या जागा दिंडीने लगेच भरल्या नाहीत, ओळ तशीच विरळ चालली.

तरडगावला राहुटी ठोकताना मावशींनी पुन्हा साल काढलं. दिंडीचे महाराज समजवायला मध्ये पडले, तर दोघी मिळून त्यांच्यावरच गेल्या.