आकडा केंद्राचा, थंडी शिवाराची

मंडळी, डिसेंबर लागला की सकाळी पेपर उघडून आपण आधी निफाडचा पारा बघतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा कळला की पारावरचं दिवसभराचं बोलणं त्याच्याभोवतीच फिरतं. आज मला त्या आकड्याच्या पुढचं बोलायचं आहे. पुढच्या सात दिवसांचा अंदाज हातात आला, तर त्यावरून आपल्या द्राक्षबागेतली रात्र कशी जाणार हे कसं ओळखायचं, एवढाच माझा विषय.

थंडी आपल्याकडे तयार होते थोडी, उत्तरेकडून येते जास्त. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात आणि काश्मीर, हिमाचलात बर्फ पडतो. झंझावात जवळ येत असतो तेव्हा आपल्याकडचा उत्तरेचा वारा मंदावतो, दक्षिण-पूर्वेकडून दमट हवा शिरते, आभाळ येतं आणि रात्री उबदार होतात. तो पूर्वेला सरकला की बर्फावरून आलेली कोरडी हवा राजस्थान, मध्य प्रदेशातून खाली उतरते. आधी धुळे-जळगावला झोंबते, मग नाशिकला, मग पुण्याकडे सरकते. त्यामुळे अंदाजात ‘उत्तरेत नवा झंझावात’ असं वाचलं आणि इकडे स्वेटर काढावासा वाटला, तर समजा, थंडी वाटेत आहे. मात्र एकामागून एक झंझावात लागोपाठ आले, तर मधे उत्तरेच्या वाऱ्याला वाट मिळत नाही आणि ऐन जानेवारीतही पंखा लावावा लागतो.

‘थंडीची लाट’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. हवामान विभागाचा निकष पक्का आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं. सरासरीचा भाग सोडून, पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तरी लाट. २ किंवा त्याखाली गेला तर तीव्र लाट. समजा, एका गावाची सरासरी १४ आहे आणि पारा ९.२ वर आला. तिथे लाट आहे. दुसऱ्या गावाची सरासरी ११ आणि पाराही तोच ९.२. तिथे लाट नाही. म्हणून नुसता आकडा वाचू नका, त्याच्या शेजारचा ‘सरासरीपेक्षा इतका कमी’ हा रकाना वाचा. पुण्याने १९३५ च्या जानेवारीत १.७ अंश पाहिलेत आणि मुंबईने १९६२ च्या जानेवारीत ७.४. मुंबईचा ७.४ हा तिथल्या माणसाला पुण्याच्या १.७ इतकाच जड गेला असेल.

आता बागेत येऊ. केंद्रातला तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, साधारण छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी असतो. आपलं शिवार तसं नसतं. मी पूर्वी तापमापक घराच्या भिंतीला, पत्र्याखाली टांगला होता. एका जानेवारीत, मण्यात पाणी उतरत होतं, म्हणजे द्राक्ष पिकायला लागलं होतं, त्या दिवसांत, पहाटे सहाला त्यावर ९ दिसले आणि मी निवांत चहा घेतला. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडत होती, ती ऊब मी वाचत होतो. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडच्या खालच्या तुकड्यात गेलो तर घडांतले मणी तडकलेले. हात लावला की रस बोटांना चिकटत होता. त्या आठवड्यात मी दुसरा तापमापक ओढ्याकाठी खांबाला बांधला. पुढच्या थंड पहाटे भिंतीवर ९ आणि ओढ्याकाठी ५. एकाच गटात चार अंशांचं अंतर!

हे का होतं? थंड हवा जड असते. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकते, तिला टेकलेली हवा गार होते आणि उताराने पाण्यासारखी वाहत खोलगटात साचते. गोदाकाठच्या सखल पट्ट्यात पारा एवढा का उतरतो, त्याचं एक कारण हेच. यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी. ढग असले तर ते जमिनीची उष्णता परत खाली धाडतात. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळते. हवेत ओल असली तर दव पडतं, आणि दव पडताना सुटणारी उष्णता पाऱ्याची घसरण धीमी करते. म्हणून अंदाजात किमान १० दिलंय, पण सोबत ‘आकाश निरभ्र, वारा शांत, आर्द्रता कमी’ असं असेल, तर ओढ्याकाठच्या माणसाने ६ धरून चालावं. १० आणि ढगाळ असेल, तर थंडीची चिंता सोडून भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांकडे बघावं.

सात दिवसांपैकी पहिले तीन-चार दिवस मी कामाचं नियोजन करण्याइतके धरतो. सहाव्या-सातव्या दिवसाचा फक्त कल बघतो, पारा चढतोय की उतरतोय. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, तेव्हा जुना कागद टाकून नवा घ्या. मंगळवारचा अंदाज धरून रविवारी फवारणी ठरवणारे बरेच भेटतात, त्यांचं मला वाईट वाटतं, कारण नवा अंदाज शुक्रवारीच येऊन गेलेला असतो.

एकाने मघाशी विचारलं, शेकोट्या पेटवाव्यात का? माझा भर पाण्यावर आहे. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं. पहाटे तीन-चारला ठिबक सुरू केलं की मुळाजवळची माती ऊब धरते. धुराची चादर वारा पडलेला असेल तरच टिकते आणि तिची ऊब थोडी. शेकोटी करायचीच, तर एक मोठी नको, खालच्या तुकड्यात लहान लहान बऱ्याच करा. पण पाण्यासाठी रात्रीची वीज कोणत्या पाळीत आहे ते आजच बघून ठेवा. आणि घरी गेल्यावर तापमापक भिंतीवरून काढा.