नऊ फुटी खड्डा आणि बारा फुटी पाणी

जुलै महिना, सकाळचे साडेपाच वाजलेत, आणि येळ्ळूरचा राजहंसगड ढगात गेलाय पार, नुसतं धुकं दिसतंय. खाली शिवारात भाताची लावणी चाललीय आणि त्या बांधांवरनं ही सात-आठ पोरं पळतायत. पाट आला की उडी, बांध आला की उडी, एकाचा बूट चिखलात रुतला तर तो तसाच एका पायानं अनवाणी पुढं गेला, थांबला नाही.

ही पोरं भरतीची तयारी करतायत. बेळगावकरांना वेगळं सांगायला नको, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या गावातच आहे, आपल्याकडं प्रत्येक गल्लीत एक तरी घर फौजीचं असतंय. भरतीला १६०० मीटर पळायचं, बीम मारायचे म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायचं, आणि नऊ फुटी खड्डा उडी मारून पार करायचा. तो खड्डा पोरांनी इथं शेताच्या कडेला स्वतःच खणलाय, पावसानं भरलाय आता काठोकाठ.

आणि हे बघताना मला दरवेळी एकच गोष्ट आठवते, स्टीपलचेस.

नाव जरा अवघड वाटतंय पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. असं सांगतात की १७५२ साली आयर्लंडमधे दोन घोडेस्वारांची पैज लागली, एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासनं दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत सरळ जायचं, वाटेत कुंपण येऊ दे, ओढा येऊ दे. मनोरा म्हणजे स्टीपल. म्हणजे आपल्याकडं एका देवळाच्या कळसावर नजर ठेवून शेतातनं आडवं सुटावं तसंच की हे. पुढं घोडे गेले, माणसं पळायला लागली, आणि शेताचा ट्रॅक झाला.

आज ही शर्यत ३००० मीटरची. ट्रॅकवर २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाणी, सगळ्या मिळून ३५ उड्या. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट. हर्डल्सच्या शर्यतीत धक्का लागला तर हर्डल पडतंय, इथं तसं नाही, हा अडथळा ८० ते १०० किलोचा असतो, गुडघा आपटला तर गुडघाच जातो. त्यात सगळे एकाच अडथळ्यावरनं जाणार, स्वतंत्र लेन नाही, पुढच्याच्या पाठीमुळं लाकूड दिसतच नाही शेवटपर्यंत, त्यामुळं घोळक्यात पळताना उडीची वेळ अंदाजानं साधायची, आणि तेही दमलेल्या पायानं.

पाण्याची उडी तर वेगळीच. बहुतेक जण लाकडावर एक पाय टेकवतात आणि तिथनं स्वतःला पुढं फेकतात. अडथळ्याच्या पायाशी पाणी सगळ्यात खोल, पुढं पुढं उथळ, म्हणून जितकं लांब पडाल तितकं बरं, बूट भिजतोच पण वेग मरत नाही. हा खड्डा ३.६६ मीटर लांब.

म्हणजे बारा फूट. आपल्या पोरांचा नऊ फूट.

आता ज्युनियरचं बोलू, कारण खरं दुखणं तिथंच आहे. २० वर्षांखालच्यांची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा १९८६ ला अथेन्सला सुरू झाली. स्टीपलचेसमधे तिथं केनियाचा दरारा आहे, अलीकडं इथिओपियाची पोरं टक्कर देतायत तो भाग वेगळा. २०१२ ला बार्सिलोनात केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुतो जिंकला, टाइम होता ८ मिनिटं ६.१० सेकंद, वय १७! त्याच्या आदल्याच वर्षी तो १८ वर्षांखालच्यांत २००० मीटर स्टीपलचेस जिंकून आला होता. पुढं २०१६ ला रिओचं ऑलिंपिक गोल्ड. २०१८ ला झुरिकमधे सुरुवातीलाच त्याचा बूट निघाला तर उरलेली शर्यत एकाच बुटावर पळाला आणि जिंकला, पाण्यासकट.

किप्रुतोचा जन्म १९९४ चा. आपल्या बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे, त्याचाही १९९४ चाच. दोघं एका वर्षाचे. पण किप्रुतो बार्सिलोनात पाण्यावरनं उड्या मारत होता तेव्हा अविनाशनं स्टीपलचेस धरलंच नव्हतं. तो बारावी झाल्यावर फौजेत गेला, महार रेजिमेंट, सियाचिनला ड्युटी केली, मग क्रॉसकंट्री, आणि स्टीपलचेस थेट २०१७ ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. तरी त्या माणसानं काय केलं बघा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमधे ८:११.२०, सिल्व्हर, गोल्ड फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. १९९८ पासनं तिथली तिन्ही पदकं केनियाच नेत होतं, ती साखळी त्यानं तोडली. त्याच्या मागं तिसरा कोण आला, अमोस सेरेम, आदल्याच वर्षी नैरोबीत ज्युनियर जगज्जेता झालेला पोरगा! मग २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८:०९.९१, नॅशनल रेकॉर्ड. मला अविनाशचा केवढा अभिमान आहे ते शब्दात सांगता येत नाही, पण आकडा आकडा असतो, आपलं नॅशनल रेकॉर्ड अजून त्या १७ वर्षांच्या किप्रुतोच्या टाइमच्या मागं आहे.

मला यात ताकद कमी दिसत नाही. उशीर दिसतो. तीन फुटी लाकडावर पाय टेकवून न दचकता पाण्यात झेप घ्यायची सवय पंधरा-सोळाव्या वर्षी लागली पाहिजे. अविनाशला ती बाविसाव्या वर्षी लागली, फौजेनं लावली. माझ्या शाळेत मी क्रॉसकंट्री पळायचो, खेळाच्या सरांनी जीव तोडून पळवलं आम्हाला, पण स्टीपलचेस हा शब्द मी कॉलेज संपल्यावर टीव्हीवर ऐकला.

म्हणून मागच्या महिन्यात मी मोबाईलवर या पोरांना बर्मिंगहॅमची शर्यत दाखवली, इथंच, बांधावर बसून. कोण काही बोललं नाही. त्यातला सगळ्यात धाकटा, दहावीतला, त्यानं फक्त विचारलं, दादा, पाणी किती फूट?

आज सकाळी आलो तर खड्ड्याच्या पलीकडची माती ताजी उकरलेली, तीन फूट. आणि अलीकडच्या काठावर निलगिरीचा ओंडका, दोन्ही बाजूला दगड लावून, कमरेच्या जरा खाली बसेल असा. तो धाकटा मागं मागं चाललाय बघा, रनअप मोजतोय.