फुकटचे पैसे, 3 लाखांची रेघ आणि काम

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारने प्रत्येकाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा करायची. गरीब-श्रीमंत बघायचं नाही, काम करता का हेही विचारायचं नाही. या कल्पनेला सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणतात. तिचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग काम कोण करणार? माडावर चढायला पाडेली आधीच मिळत नाही, उद्या तर बोलायलाच नको!

या शंकेकडे वळण्यापूर्वी आपल्या घरातलीच एक योजना बघू. गोवा सरकारच्या गृहआधार योजनेत गृहिणीला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, म्हणजे वर्षाचे 18,000. अट अशी की नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या वर जाता कामा नये. आता 2 लाख 95 हजार उत्पन्नाचं एक घर धरा. बायकोला जवळच्या गेस्ट हाउसमध्ये हंगामापुरतं काम चालून आलं, त्यातून 10 हजार सुटणार. काम घेतलं की उत्पन्न 3 लाख 5 हजार, आणि योजना बंद. 10 हजार आले, 18 हजार गेले. राबूनसुद्धा घर 8 हजारांनी खाली आलं. अशा वेळी ती एक तर काम नाकारेल, नाही तर पैसे रोख घेईल आणि उत्पन्नाच्या दाखल्यात दाखवणार नाही. याला आळस कसं म्हणायचं? साधी वजाबाकी येणारं कुणीही हेच करील.

माझं म्हणणं एवढंच आहे, की काम सुटतं ते बहुतेक वेळा पैसे मिळतात म्हणून नव्हे, तर काम केल्यावर ते काढून घेतात म्हणून. मूलभूत उत्पन्नात ही रेघच नसते.

फिनलंडने नेमकं हेच तपासलं. 2017 आणि 2018 या दोन वर्षांत 2,000 बेरोजगारांना महिन्याला 560 युरो दिले आणि नोकरी लागली तरी चालू ठेवले. नेहमीचा बेकारभत्ता घेणाऱ्यांपेक्षा हे लोक वर्षाकाठी सुमारे 6 दिवस जास्त कामावर होते. फरक लहान आहे. शिवाय 2018 मध्ये तिथे बेकारभत्त्याचे नियमही बदलले, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा आकडा निर्भेळ नाही. म्हणून ‘पैसे दिले की लोक कामाला लागतात’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर त्यालाही थांबवावं. पण लोक घरी बसले नाहीत, हे खरं.

उलट बाजूचा पुरावाही आहे, तो दडवायचं कारण नाही. अमेरिकेत टेक्सस आणि इलिनॉयमध्ये 1,000 जणांना 3 वर्षं महिन्याला 1,000 डॉलर दिले गेले. 2024 मध्ये निकाल आले: आठवड्याला सरासरी 1.3 तास काम कमी झालं. आपल्याकडे मध्य प्रदेशात 2011 पासून ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना आणि युनिसेफ यांनी जो प्रयोग केला, त्यात 8 गावांतल्या प्रत्येक प्रौढाला आधी 200 आणि मग 300 रुपये मिळत, मुलाला त्याच्या निम्मे. तिथे काम घटलं नाही, पण त्याची जात बदलली. दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी झाली आणि स्वतःच्या शेतातली मेहनत वाढली. मजूर शोधणाऱ्याला अर्थातच वाटणार, की माणसं आळशी झाली.

गोव्यात याचा अर्थ काय? 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी, त्याच सुमाराला किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळीही, उतरवलेले. या दिवसांत ज्याच्या हाती काहीच नसतं तो उचल घेतो, आणि ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्याच दराने पुढच्या हंगामात राबतो. खात्यात दरमहा काही येत असेल तर तो उचल कमी घेईल आणि ऑक्टोबरात दोन दर विचारून कामाला लागेल. ‘माणसं मिळत नाहीत’ या तक्रारीत पुष्कळदा ‘या पगारात’ हे शब्द गाळलेले असतात. मात्र अट 15 वर्षांच्या वास्तव्याची ठेवली, जशी गृहआधारला आहे, तर ट्रॉलरवर आणि बांधकामावर राबणारा परप्रांतीय मजूर बाहेरच राहील. मग मालक स्थानिकाचा वाढलेला दर न देता सरळ त्यालाच बोलावील. कामावरच्या परिणामाची चर्चा करताना गोव्यात हा मुद्दा आधी यायला हवा, आणि नेमका तोच येत नाही.

आता पैसे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14 लाख 58 हजार होती. माणशी महिन्याला 1,000 रुपये म्हटले तर वर्षाला 1,750 कोटी. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 28 हजार कोटींचा, म्हणजे 6 टक्क्यांच्या वर. आणि 1,000 रुपयांत गॅस भरला की उरतं काय? 3,000 रुपये केले तर 5,250 कोटी, जवळजवळ पाचवा हिस्सा. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने माणशी वर्षाला 7,620 रुपयांचं गणित मांडलं होतं, तेही चालू योजनांच्या जागी. इथे सांभाळायला हवं. रेशनचा तांदूळ महागाईने आटत नाही, रोख रक्कम आटते. 6 टक्के महागाईत 12 वर्षांत तिची किंमत निम्मी होते.

खाणींचं नाव यात हमखास निघतं. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात लोहखनिज विक्रीच्या 10 टक्के रक्कम गोव्याच्या कायम निधीत टाकायला सांगितली. अलास्काने 1976 मध्ये तेलाच्या पैशातून असाच निधी उभारला आणि 1982 पासून दर वर्षी रहिवाशांना लाभांश दिला. तिथे एकूण रोजगार घटला नाही, अर्धवेळ काम थोडं वाढलं. पण मुद्दल न मोडता, महागाई वजा जाता 4 टक्के सुटतात असं धरलं, तर दर 1,000 कोटींमागे 40 कोटी. माणशी वर्षाला 274 रुपये! कल्पना चांगली आहे, पण तिच्यावर घर चालणार नाही.

तोवर 3 लाखांची रेघ तरी उतरती करता येईल. वर गेलेल्या दर 100 रुपयांमागे 30 कापायचे. 3 लाख 5 हजार झाले तर 18,000 मधले फक्त 1,500 जातील, आणि 3 लाख 60 हजारांवर लाभ संपेल. अडचण एकच: यासाठी नेमकं उत्पन्न कळायला हवं, आणि मोटारसायकलवरून भाडं मारणाऱ्या पायलटचं किंवा मासळी विकणाऱ्या बाईचं उत्पन्न कोणता दाखला खरं सांगणार? सरसकट देण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच आहे. द्यायचं सर्वांना, आणि ती रक्कम करपात्र धरायची. 30 टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस 18,000 मधले 5,400 परत करील, आणि त्याच्या उत्पन्नाची नोंद आयकर खात्याकडे आधीपासूनच असते.