मशीन उघडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

ऐन गर्दीच्या वेळी मोठ्या स्वयंपाकघरातला फ्रायर बंद पडला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "मशीन गेलं." पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी विजेच्या मेन बोर्डाकडे जा. तिथे नेमका कोणता स्विच पडलाय, म्हणजे आपोआप बंद झालाय, आणि कधी पडला, यातच निम्मं उत्तर असतं.

एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की लाइन तोडणारा स्विच, पडला असेल तर करंट प्रमाणाबाहेर गेलाय. बटण दाबताक्षणी पडला तर बहुधा शॉर्ट आहे. वीस मिनिटांनी पडला तर लाइनवर लोड जास्त आहे, किंवा एमसीबीचाच स्क्रू ढिला होऊन तो तापतोय. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, पडला असेल तर करंट अर्थकडे गळतोय. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो. त्यामुळे चार मशीनची थोडी थोडी गळतीही एकत्र येऊन त्याला पाडते.

आता सगळे प्लग काढा. नुसते स्विच बंद करून भागत नाही. साधा स्विच फक्त फेज तोडतो. मशीनच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकला असेल, तर स्विच बंद असूनही आरसीसीबी पडत राहतो आणि शोधणारा भलतीकडेच भटकतो. प्लग काढल्यावरही पडला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा धुण्याच्या पाण्याने भिजलेल्या सॉकेटमध्ये. नाही पडला, तर एकेक प्लग लावत जा.

संशय हीटिंग एलिमेंटवर आला तर एक चकवा ध्यानात ठेवा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 3000 वॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स साधारण 17.6 ओहम असतो. मल्टिमीटर तेवढाच दाखवतो, म्हणून एलिमेंट ठीक मानलं जातं, आणि आरसीसीबी पुन्हा पडतो. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते. मशीन बरेच दिवस बंद राहिलं की टोकाच्या सीलमधून ती दमट हवा ओढते आणि करंट नळीकडे गळू लागतो. ही गळती मल्टिमीटरच्या बॅटरीला दिसत नाही. त्यासाठी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर, हवा. प्लग काढा, एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा म्हणजे कंट्रोल कार्डाला धक्का लागणार नाही, आणि टर्मिनल ते नळी असं मोजा. 1 मेगओहमच्या खाली आलं तर एलिमेंट काढून मंद आचेच्या ओव्हनमध्ये काही तास वाळवा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर ओल होती. नाही चढला तर एलिमेंट बदला. अर्थची वायर कापून मशीन चालू करणं म्हणजे स्टीलच्या बॉडीला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात घालणं. ते कुणीही, एका दिवसापुरतंही, करू नये.

मशीन धडधाकट असेल तर सॉकेट नीट पाहा. भोकाची कड तपकिरी झालीय का? प्लगची पिन काळवंडलीय का? जळक्या प्लास्टिकचा वास येतोय का? ढिल्या पकडीत फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स असला, तरी 13 अँपिअरला तिथे जवळपास 85 वॉट उष्णता तयार होते. म्हणजे 25 वॉटच्या तीन सोल्डरिंग आयर्नपेक्षाही जास्त, तीही एका बोटभर जागेत. मशीन बंद असताना अशा सॉकेटवर व्होल्टेज पूर्ण दिसतं, टेस्टरही पेटतो. लोड टाकला की व्होल्टेज कोसळतं. म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मशीन चालू ठेवूनच मोजून घ्या. बदलताना सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, कारण जळकी पिन नवं सॉकेटही जाळते. मेन बंद करून, वायर लखलखीत तांब्यापर्यंत मागे कापून मगच जोडा.

मायक्रोवेव्ह मात्र उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरू शकतो.

आणि कुणी हात न लावता, दर काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा आरसीसीबी पडत असेल, तर फ्रीजरमधला बर्फ ठरावीक वेळाने वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर तपासा. टायमर हाताने फिरवून डीफ्रॉस्टवर आणा. त्याच क्षणी पडला, तर दोष सापडला.