आदेश बजावणार कोण?

मित्रहो,

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली आणि सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली जमलेल्या स्त्रियांनी घटस्फोटाचा कायदेशीर हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्यांचे ठराव केले. संसारातला अन्याय हा कायद्याचा प्रश्न आहे, हे आपल्या शहराने इतक्या आधी ऐकलेले आहे. तरीही मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आजही ‘घरचं भांडण आहे, समजुतीनं घ्या’ असे सांगून परत पाठवले जाते, याची मला मनापासून चीड येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. अर्ज आल्यावर पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत व्हावी आणि तिथून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे तो सांगतो. मात्र ही सारी यंत्रणा संरक्षण अधिकाऱ्यावर, म्हणजे या कायद्याखाली राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यावर उभी आहे. घटनेचा अहवाल त्याने तयार करायचा, सुनावणीची नोटीस शक्यतो २ दिवसांत त्याने बजावायची, निवाऱ्याची आणि वैद्यकीय तपासणीची सोय त्यानेच पाहायची. हे पद अतिरिक्त कार्यभार म्हणून कोणाच्या तरी गळ्यात घातले की नोटीस पडून राहते, आणि नोटीस बजावली गेली नाही म्हणून पुढची तारीख मिळते. जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी ६ आठवड्यांत नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना बजावावे लागले, म्हणजे तोवर आपण काय करत होतो?

अहवालाच्या नमुन्यात हिंसेची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायचे असते. ‘रोजचंच आहे, तारीख कोणती सांगू?’ असे बाई विचारते, तेव्हा पोळ्याच्या दिवशी काय झाले, पोराची परीक्षा होती तेव्हा काय झाले, असे एकेक आठवत तो रकाना भरावा लागतो. हे काम घाईचे नाही, आणि दहा फायली समोर असलेल्या माणसाचे तर नाहीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली होती. इतके धाडस करून आलेल्या बाईला आपण हेलपाटे घालायला लावतो.

दुसरी उणीव कायद्याच्या मजकुरातच आहे. कलम ३१ नुसार संरक्षण आदेशाचा, म्हणजे बाईवर पुन्हा हिंसा करू नये या कोर्टाच्या हुकमाचा भंग केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात; पण त्या कलमात निवासाच्या आणि पोटगीच्या आदेशांचा उल्लेख नाही. राहण्याचा आदेश हातात असूनही सासरच्या दाराला कुलूप दिसले, तर बाईने पुन्हा कोर्टाची पायरी चढायची.

हिवाळी अधिवेशनासाठी अवघे सरकार नागपुरात येते. विदर्भातल्या आमदारांनी त्या वेळी दोन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी, त्याच्यासाठी वाहन आणि अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद, आणि कलम ३१ मध्ये हे दोन्ही आदेश समाविष्ट करणारी राज्याची दुरुस्ती. मूळ कायदा केंद्राचा असल्याने तिला राष्ट्रपतींची मंजुरी लागेल, म्हणून विधेयकाचा मसुदा याच अधिवेशनात पटलावर यायला हवा.